रायफलसाठी टेकू घरच्या घरी: वाळूची पिशवी, फ्रंट रेस्ट आणि बायपॉड

१० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत रायफल कशावरही टेकवता येत नाही. उभे राहायचे आणि स्वतःच्या हाडांच्या आधारावर नेम धरायचा. ५० मीटर प्रोनमध्ये नेमबाज पोटावर झोपतो, पण तिथेही आधार कोपरांचा आणि दंडाला बांधलेल्या स्लिंगचा. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवले ते याच प्रोन प्रकारात. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचे कांस्य जिंकले, तेही गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने, कुठल्याही स्टँडशिवाय. मग आपल्याकडच्या नेमबाजाने टेकू बनवण्यात वेळ का घालवावा?

कारण गोळी दहाबाहेर गेली की पहिला प्रश्न एकच असतो: चूक कोणाची? रायफलची, पेलेटची (एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळीची), साइटची (नेम धरायच्या साधनाची) की माझी? १० मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ फक्त ०.५ मिमीचे असते आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ २.५ मिमीने बाहेर सरकते. उभ्याने मारताना नवशिक्याची रायफल याहून कितीतरी जास्त डुलते. ४.४९ मिमी डोक्याचा पेलेट तुमच्या नळीला चांगला की ४.५० चा, हा बारीक फरक त्या डुलण्यात बुडून जातो. टेकूवर तो दिसतो. साइट बसवणे, पेलेटची नवी डबी तपासणे, लहान मुलांना वजनाची भीती न दाखवता ट्रिगर शिकवणे, एवढ्यासाठी क्लबमध्ये आणि घरी एक चांगला टेकू हवाच. शिवाय बेंचरेस्ट (टेबलावर रायफल टेकवून नेमबाजी) आणि एफ-क्लास हे तर टेकूवरूनच खेळायचे प्रकार आहेत. एफ-क्लासमधला 'एफ' हा कॅनडाच्या जॉर्ज फार्कुहारसन यांच्या आडनावातला. त्यांनी सुरू केलेला हा प्रकार आज दोन गटांत खेळला जातो: एफ-ओपनमध्ये जड फ्रंट रेस्ट, म्हणजे रायफलच्या पुढच्या भागाखालचा टेकू, चालतो, एफ-टीआरमध्ये बायपॉड, म्हणजे रायफललाच जोडलेले दोन पाय.

हा लेख मुख्यतः एअर रायफल डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण घरी किंवा क्लबात आपल्या हाती तीच असते. .२२ बोअरच्या काडतुसी रायफलसाठीही बहुतेक सगळे तसेच लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तसे सांगितले आहे.

टेकूचे खरे काम

बहुतेक जण टेकू बनवताना रायफल घट्ट आवळून ठेवायच्या मागे लागतात. टेकूचे काम ते नाही. त्याची कामे दोन: प्रत्येक शॉटनंतर रायफल नेमकी त्याच जागी परत यावी, आणि शॉट सुटताना ती प्रत्येक वेळी एकाच तऱ्हेने हलावी. रायफल हलणारच. ती दर वेळी वेगळी हलली तर ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, फाटतो, दर वेळी सारखी हलली तर साइट फिरवून काम भागते. खालचा प्रत्येक निर्णय, कापड कोणते, पाय किती रुंद, बोल्ट किती जाड, या एका कसोटीवर घासून पाहा.

आणि एक हिशोब मनात पक्का बसवा. रायफल पुढे आणि मागे जिथे टेकते त्या दोन जागांमध्ये ६० सेंमी अंतर आहे असे धरू. मागचा टेकू ०.१ मिमी खाली बसला, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढा, तर १० मीटरवर नेम सुमारे १.७ मिमी सरकतो. ५० मीटरवर हीच चूक ८.३ मिमी होते, आणि तिथे दहाचे वर्तुळ १०.४ मिमीचे असते. त्यामुळे 'थोडंसं हलतंय, चालेल' हे इथे चालत नाही. दोन टेकूंमधले अंतर जितके जास्त, तितकी ही चूक लहान. म्हणून पुढचा टेकू फोरएंडच्या (नळीखालच्या पुढच्या भागाच्या) शक्य तितका पुढे आणि मागची पिशवी बटच्या (खांद्याला लागणाऱ्या मागच्या भागाच्या) टोकाजवळ ठेवावी.

आधी तुमची रायफल ओळखा

पीसीपी रायफल, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेवर चालणारी, फार शांत असते. मॅच (स्पर्धेच्या) रायफलमधून साधारण अर्ध्या ग्रॅमचा पेलेट सेकंदाला १७० ते १८० मीटर वेगाने सुटतो. साडेचार-पाच किलोच्या रायफलला त्याचा धक्का जाणवतही नाही. ती सरळ वाळूच्या पिशवीवर ठेवा.

स्प्रिंगच्या, नळी मोडून भरायच्या रायफलचे तसे नाही. ट्रिगर सुटला की जड पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे ढकलली जाते. मग पिस्टन दाबलेल्या हवेवर अडतो आणि रायफल पुढे झटका खाते. पेलेट नळीतून बाहेर पडण्याआधीच ही ओढाताण सुरू झालेली असते. अशी रायफल कडक टेकूवर ठेवली तर ती त्यावरून उसळते आणि ग्रुप हाताने धरून मारल्यापेक्षाही वाईट येतो. स्प्रिंगवाल्या रायफलला पिशवीवर आपला उघडा तळहात ठेवा, तळहातावर फोरएंड, बोटे न मिटता. खांद्याला बट जेमतेम टेकलेला. रायफलला मागेपुढे मोकळे जाऊ द्या. तळहाताची जागा फोरएंडवर पेन्सिलीने खूण करून पक्की करा, कारण ती दोन सेंमी पुढेमागे झाली तरी गोळ्या दुसरीकडे पडतात. बायपॉडचा विचार स्प्रिंगवाल्या रायफलसाठी सोडूनच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेबलापासून सुरुवात

रेस्टवर हजारो रुपये खर्च करून तो प्लॅस्टिकच्या घडीच्या टेबलावर ठेवणारे बरेच भेटतात. टेबल हलत असेल तर वरच्या कशालाच अर्थ नाही.

आपल्याकडे सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे कडप्पा. ९० बाय ६० सेंमीची, २५ मिमी जाड फरशी घेतली तर वजन सुमारे ३५ किलो भरते. खाली लोखंडी अँगलचा स्टँड वेल्डरकडून करून घ्या आणि त्याला चारऐवजी तीनच पाय ठेवायला सांगा: दोन पुढे, एक मागे. तीन पायांचा स्टँड वाकड्यातिकड्या जमिनीवरही डगमगत नाही. मात्र तीन पायांवरून फरशीच्या मोकळ्या कोपऱ्यावर भार टाकला तर ती कलंडू शकते, म्हणून मागचा पाय मध्यभागी आणि बाहेरच्या कडेपर्यंत न्या आणि फरशी स्टँडला क्लॅम्पने बांधा. फरशी आणि लोखंड यांच्यामध्ये जाड नमदा किंवा जुन्या सतरंजीची पट्टी घाला. गच्चीवर किंवा गावाकडच्या अंगणात पक्का ओटा असेल तर त्याच्याइतके उत्तम काही नाही.

स्टूल एवढ्या उंचीचे हवे की मान न वाकवता डोळा साइटपाशी यावा. छाती टेबलाला टेकू देऊ नका. छाती टेकली की नाडीचा ठोका फरशीतून रायफलपर्यंत पोचतो आणि साइटमध्ये काळा गोल तालावर हललेला दिसतो.

मागची पिशवी: इथे कसूर नको

एकच वस्तू बनवायची असेल तर ही बनवा. पुढे नुसती विटांवर ठेवलेली वाळूची पोटली असली तरी मागची पिशवी नीट असेल तर काम होते. उलटे होत नाही.

कापड: जुन्या जीन्सचे जाड डेनिम किंवा कॅनव्हास. ताडपत्रीचे कापड घसरते आणि कुरकुरते, ते नको. वर जिथे बट टेकतो तिथे पातळ मऊ चामड्याचा तुकडा मिळाला तर उत्तम. बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडे कातरण सहज मिळते.

माप असे घ्या. तयार पिशवी १५ सेंमी लांब, १२ सेंमी रुंद, ९ सेंमी उंच. शिवणीसाठी सगळीकडे दीड सेंमी धरून तळ आणि वरचा भाग यांचे १८ बाय १५ सेंमीचे दोन तुकडे, आणि चारही बाजूंनी फिरणारी ५७ बाय १२ सेंमीची एक पट्टी. वर दोन 'कान' लागतात, म्हणजे नळीच्या दिशेने आडवे पडलेले दोन गोल लोड. त्यांच्यासाठी १८ बाय १६ सेंमीचे दोन तुकडे कापा. लांबीच्या बाजूने शिवल्यावर साधारण ४ सेंमी जाडीचे दोन नळकांडे तयार होतात.

शिवायचा क्रम महत्त्वाचा. आधी दोन्ही कान रिकामेच वरच्या तुकड्यावर शिवा, मध्ये १ सेंमी फट ठेवून, मागची तोंडे उघडी ठेवून. पिशवी बंद झाल्यावर कान बसवता येत नाहीत. मग पट्टी वरच्या तुकड्याला, शेवटी तळ. सगळीकडे दुहेरी टीप, नायलॉनचा दोरा, मशीनला जाड सुई. घरच्या मशीनवर डेनिमचे चार थर जात नाहीत; तिथे जबरदस्ती करण्यापेक्षा शिंप्याला थोडे पैसे द्यावेत. मागच्या बाजूला ५ सेंमीचे तोंड उघडे ठेवून पिशवी उलटी करा.

आता भरण. नदीची बारीक वाळू सर्वांत चांगली. ती दोन-तीन पाण्यांतून धुवा, कडक उन्हात वाळवा, मग लोखंडी कढईत परतून उरलेली ओल काढा आणि मैद्याच्या चाळणीतून चाळा. कोकणात राहणाऱ्यांना मोह होईल, पण समुद्राची किंवा खाडीची वाळू घेऊ नका. तिच्यातले मीठ हवेतली ओल ओढून घेते, पावसाळ्यात पिशवी दमट होते आणि रायफलच्या धातूला गंज धरतो. तांदूळ, मूग, बाजरी यांचे सल्ले ऐकायला मिळतात. धान्याला किडे लागतात, उंदीर लागतात आणि ते दबून बसते. प्रवासात वजन नको असेल तर प्लॅस्टिकचे दाणे चालतात, पण टेबलावर जड पिशवीच हवी.

कान गच्च भरा, काडीने ठासून. खालची पिशवी मात्र ठासायची नाही. पाचातला एक भाग रिकामा राहू द्या. मुठीत दाबली की बट वर जावा, सैल सोडली की खाली यावा, ही या पिशवीची सगळी कला. भरलेली पिशवी कानांसह साधारण अडीच किलोची होते. तोंड हाताने उलट टीप घालून बंद करा. बट जिथे घासतो तिथे चिमूटभर टाल्कम पावडर चोळा, म्हणजे रायफल अडखळत नाही.

पुढचा रेस्ट

बाजारात मिळणारे चांगले फ्रंट रेस्ट बाहेरून मागवावे लागतात आणि जकातीसह महाग पडतात. सुताराचे थोडे काम येत असेल तर त्याच तोडीचा रेस्ट दोन-तीन रविवारांत होतो.

बैठकीसाठी १८ मिमी मरीन प्लायचे दोन त्रिकोणी तुकडे, प्रत्येक बाजू ३५ सेंमी, एकमेकांवर फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. तिन्ही कोपऱ्यांत टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) ठोका आणि त्यांतून एम-१० चे, म्हणजे १० मिमी जाडीचे, बोल्ट पाय म्हणून घाला. बोल्टची खालची टोके कानशीने गोल करा. फरशीवर त्यांच्याखाली तीन वॉशर चिकटवून ठेवले तर रेस्ट उचलून परत ठेवला तरी त्याच जागी बसतो. तीनपैकी एक पाय तुमच्या बाजूला यावा, म्हणजे बसल्या जागी हात पोचतो.

वजन हवे, किमान सात-आठ किलो. जिमची १० किलोची लोखंडी प्लेट बैठकीच्या मध्यावर बसवणे सर्वांत सोयीचे, कारण तिला मधोमध भोक आयतेच असते. भंगारवाल्याकडे मोटारीची जुनी ब्रेक डिस्क मिळाली तर तीही चालते. आधी गंज घासून रंग द्या.

त्या भोकातून एम-१२ चा सलग आट्यांचा बोल्ट उभा करा, खाली आणि वर मोठे वॉशर आणि नट लावून गच्च आवळा. हा बोल्ट फिरणार नाही. फिरणार ते हातचाक: १२ मिमी प्लायची १२ सेंमी व्यासाची चकती, मध्ये एम-१२ चा नट खाचेत बसवून एपॉक्सीने पक्का केलेला. चाक बोल्टवर फिरते आणि वर-खाली सरकते. चाकावर ग्रीस लावलेला वॉशर, आणि त्यावर १८ मिमी प्लायची वरची पाटी नुसती टेकलेली. पाटीला मध्ये बोल्टसाठी मोकळे १४ मिमीचे भोक असते.

चाक एवढे मोठे का, ते सांगतो. एम-१२ बोल्टला एका पूर्ण फेऱ्यात १.७५ मिमी चढ असतो. आपल्या ६० सेंमीच्या हिशोबाने १० मीटरवर नेम २९ मिमी सरकेल. फार खरखरीत वाटते ना? पण १२ सेंमी चाकाचा परीघ जवळजवळ ३८ सेंमी आहे. कडेला बोटाने १ सेंमी फिरवले तर नेम पाऊण मिमीच हलतो. बारीक आट्यांचा खास बोल्ट शोधत लेथवाल्यांकडे फिरण्यापेक्षा चाक मोठे करणे कितीतरी सोपे. आणखी एक फायदा: पाटी आणि रायफल यांचे वजन सतत खाली दाबत असल्याने आट्यांमधला ढिलेपणा आपोआप एका बाजूला बसतो. फक्त शेवटची हालचाल नेहमी वरच्या दिशेने करा; खाली यायचे असेल तर जरा जास्त खाली येऊन परत वर चढवा.

पाटी चाकाबरोबर गोल फिरू नये म्हणून दोन मार्गदर्शक दांडे लागतात: १० मिमीचा सरळ, गुळगुळीत पोलादी बार, बोल्टच्या दोन्ही बाजूंना ६-६ सेंमीवर. बहुतेकांचे काम इथेच फसते. दांडे एकमेकांना तंतोतंत समांतर नसतील तर पाटी मध्येच अडकते, आणि ती अडकू नये म्हणून भोके मोठी केली तर ती डुलते. उपाय असा: जिमची प्लेट बसवण्याआधी बैठक आणि पाटी एकावर एक ठेवून सी-क्लॅम्पने आवळा आणि दोन्हींतून एकाच दमात, ड्रिल स्टँडवर, १० मिमीची भोके पाडा. हाताने धरलेल्या ड्रिलने हे काम करू नका; स्टँड नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे जा. दांडे बैठकीत एपॉक्सीने बसवताना पाटी वरून घालूनच ठेवा, म्हणजे एपॉक्सी वाळेपर्यंत दोघेही समांतर राहतात. जिमची प्लेट दांड्यांच्या आड येत असेल तर ती बैठकीच्या खालून लावा आणि पायांचे बोल्ट तेवढे लांब घ्या. पाटीच्या भोकांना आतून मेण घासा.

पाटीवर ४ सेंमी उंचीचे दोन ठोकळे, म्हणजे बोल्टचे टोक त्यांच्यामध्ये लपते, आणि ठोकळ्यांवर पाळणा: इंग्रजी 'यू' सारखी लाकडी चौकट. आतली रुंदी फोरएंडपेक्षा १५ मिमी जास्त ठेवा. दोन्ही गालांना आतून नमदा किंवा चामडे चिकटवा आणि तळाला गच्च ठासलेली १० बाय ७ सेंमीची वाळूची चपटी पिशवी. फोरएंड गालांना हलका स्पर्श करावा, अडकू नये. पाळणा ठोकळ्यांवर बसवताना भोकांऐवजी ३ सेंमी लांब खाचा ठेवा आणि एम-६ बोल्टला विंग नट लावा. डावीउजवीकडची ढोबळ जुळवणी त्यातून होते, बारीक जुळवणी मागची पिशवी सरकवून.

पाळण्याच्या पुढच्या टोकाला एक छोटा लाकडी अडसर लावा. प्रत्येक शॉटआधी फोरएंड अडसराला टेकेपर्यंत पुढे न्यायचा, मग केसभर मागे. रायफल दर वेळी त्याच जागी येते. एवढ्या सोप्या गोष्टीने ग्रुप जेवढा आवळतो तेवढा महाग वाळूनेही आवळत नाही.

बायपॉड: विकतचा सुधारा किंवा रुंद बनवा

ऑनलाइन मिळणारे घडीचे बायपॉड पीसीपीवर आणि .२२ वर चालतात, पण डब्यातून काढले तसे नाही. आधी ते कुठे बसवता ते पाहा. नळीला चिमट्याने पकडणारे बायपॉड घेऊच नका: रायफलचा सगळा भार नळीवर येतो, नळी किंचित वाकते आणि तो बाक प्रत्येक वेळी वेगळा असतो. बायपॉड दस्त्यालाच, म्हणजे नळी ज्यात बसते त्या रायफलच्या अंगालाच, लागला पाहिजे. मॅच रायफलच्या फोरएंडखाली हँडस्टॉपची (पुढचा हात अडवणाऱ्या तुकड्याची) धातूची खाच असते, तिच्यात बसणारा जोड घ्या. साध्या लाकडी दस्त्याला स्लिंगचा स्टड लावायचा असेल तर नुसता लाकडी स्क्रू पिळू नका. भार पडून तो लवकरच ढिला होतो. आधी दस्ता रायफलवरून सोडवा. मग आरपार भोक पाडून आतून रुंद वॉशर आणि नट लावा, आणि नट धातूच्या भागाला भिडत नाही याची खात्री करूनच दस्ता परत चढवा.

दुसरे, खडखड. पाय उघडून बायपॉड हाताने हलवा. बिजागरीत खेळ असेल तर पितळेच्या पातळ पत्र्याचे वॉशर कापून भरा. पाय लांब-आखूड करायच्या जागी खेळ असेल तर पाय नेहमी सर्वांत आखूड ठेवून वापरा, टेबलावर तेवढे पुरते. झोके घेणाऱ्या बायपॉडला तो झोका आवळायला छोटी गोल घुंडी असते. तिच्यावर बोटांची ताकद पुरत नाही, तिथे लांब दांडीचा नट बसवा.

तिसरे, पाय कशावर टेकतात. कडप्प्यावर रबरी पाय उसळतात. टेबलावर जाड चटई किंवा जुन्या कार्पेटचा तुकडा पसरा. मग खांद्याने रायफल हलकेच पुढे ढकला, पायांना जरा ताण येईपर्यंत, आणि तेवढाच ताण प्रत्येक शॉटला ठेवा. ताण किती हे महत्त्वाचे नाही. तो दर वेळी तेवढाच असावा.

स्वतः बनवायचा असेल तर एफ-टीआरच्या धर्तीचा रुंद, सरकणाऱ्या पट्ट्यांचा बायपॉड बनवा. त्या गटात बायपॉडसह रायफलचे वजन ८.२५ किलोपर्यंतच चालते, म्हणून तिथले बायपॉड हलके आणि फार रुंद असतात. रुंदीचे कारण सोपे आहे. पायांत २० सेंमी अंतर असताना एक पाय १ मिमी खचला तर रायफल ०.३ अंशाने कलते. ५० सेंमी अंतर असेल तर ०.१ अंशाच्या आसपास. कललेली रायफल गोळी बाजूला टाकते. १० मीटरवर पेलेट सुमारे १७ मिमी खाली पडतो, म्हणून ५ अंश कल झाला तर तो दीड मिमी बाजूला जातो. ५० मीटरवर .२२ ची गोळी १२ सेंमीहून जास्त पडते, तिथे नुसता १ अंश कल दोन मिमी खातो.

साहित्य खिडक्या बनवणाऱ्याकडे मिळते: २० मिमीचा चौकोनी अॅल्युमिनियम पाइप. मध्ये ४० मिमी जाड सागवानी ठोकळा, त्याच्या दोन्ही बाजूंना तिरके कापलेले पाय, प्रत्येक पायाला ठोकळ्यात दोन एम-६ बोल्ट. एकाच बोल्टवर पाय फिरतो, म्हणून दोन. पायांच्या खाली २५ सेंमी लांबीच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या नळीला समांतर लावा, पुढची टोके वर वळवून, म्हणजे शॉटनंतर बायपॉड कार्पेटवरून सरळ मागे सरकतो. पट्ट्या समांतर नसतील तर रायफल दर शॉटला एका बाजूला ओढते. त्या बसवताना गुण्या लावून दोन्ही टोकांचे अंतर मोजा.

कल तपासायला छोटी पाणसळ दस्त्यावर लावता येते, पण त्याहून विश्वासू गोष्ट म्हणजे ओळंबा. टार्गेटच्या मागे, गोळीच्या रेषेबाहेर सुरक्षित जागी, पांढऱ्या दोऱ्याने ओळंबा टांगा आणि टेलिस्कोपची उभी रेषा त्याच्याशी जुळवा. एकदा जुळली की पाणसळ त्यानुसार चिकटवा.

तपासणी

रायफल रिकामी, तिचा बोल्ट (गोळी भरायची जागा बंद करणारा भाग) उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे त्याच जागेत, रंगीत सुरक्षा-दोरी. ही तयारी झाल्याशिवाय कोणीही टार्गेटकडे जायचे नाही. पेलेटसाठी मागे जाड पत्र्याची, कलत्या पाठीची पेटी हवी आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा. .२२ फक्त परवानाधारक रेंजवर. एअर रायफलच्या परवान्याचे नियम तिच्या ताकदीवर आणि बोअरवर अवलंबून असतात, ते क्लबकडून नीट समजून घ्या.

पहिली चाचणी गोळीविना. रायफल टेकूवर ठेवून साइट टार्गेटवर आणा. बोटाने बट हलकेच बाजूला ढकला, सोडा. साइट परत तिथेच आली का? आता रायफल पाच सेंमी मागे ओढा, पुन्हा अडसरापर्यंत न्या. नेम परत तिथेच? इथे उत्तर 'नाही' असेल तर पेलेट वाया घालवू नका; कुठे अडकते, कुठे घासते ते शोधा.

मग मारायला घ्या. एका ग्रुपमध्ये पाच नव्हे, दहा पेलेट. पाचाच्या ग्रुपला नशिबाची साथ फार लवकर मिळते. नळी गरम होण्याचा प्रश्न एअर रायफलला नाही, पण डबी बदलल्यावर सुरुवातीचे काही पेलेट मोजू नका, नळीला नव्या शिशाची सवय व्हावी लागते. ग्रुप मोजताना व्हर्निअर कॅलिपरने सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा.

आता कागद काय सांगतो ते वाचा. ग्रुप उभा लांबलेला असेल तर मागची पिशवी खचते आहे किंवा तुम्ही दर वेळी ती वेगळ्या जोराने दाबता. आडवा लांबलेला असेल तर पाळण्याचे गाल घट्ट आहेत, किंवा तुमचा गाल दस्त्यावर कमीजास्त दाबला जातो आहे. तिरका असेल तर मागच्या पिशवीचे कान नळीच्या रेषेत नाहीत. पिशवी जरा फिरवा. आणि दोन वेगळे पुंजके, मध्ये रिकामी जागा, असे दिसले तर कुठला तरी बोल्ट दोन जागांमध्ये उड्या मारतो आहे: साइटचा, दस्त्याचा, नाहीतर रेस्टचा. सगळे आवळून पुन्हा मारा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कागदाच्या कोपऱ्यात ती लिहून ठेवा.

पेलेट शिशाचे असतात. टेबलावर खायचे-प्यायचे नाही, मुलांनी तर नाहीच, आणि उठल्याबरोबर साबणाने हात धुवायचे.

एक सूचना दिव्यांग नेमबाजांसाठी. पॅरा नेमबाजीच्या एसएच-२ वर्गात, म्हणजे ज्यांना रायफलचे वजन हाताने पेलता येत नाही त्यांच्या वर्गात, रायफलला स्प्रिंगचा आधार-स्टँड वापरायला परवानगी असते, पण त्याची स्प्रिंग आणि रचना नियमांत बांधलेली आहे. वरचा रेस्ट सरावात शरीर न थकवता ट्रिगर शिकायला उपयोगी पडेल. स्पर्धेचा स्टँड मात्र नियम पाहून आणि उपकरण-तपासणीत दाखवूनच ठरवा.

जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी पिशव्या उसवून वाळू पुन्हा कढईत परता, प्लायच्या कापलेल्या कडांना वॉर्निशचा हात द्या आणि उभ्या बोल्टला व दांड्यांना तेल लावा. पिशव्या रायफलच्या पेटीत ठेवू नका; कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत वेगळ्या ठेवा.